काठी फिरली, पण पाणी कळलं का?

होळी आटोपली की रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर बोअरच्या गाड्या दिसू लागतात. नेरळ, कशेळे, कडाव, चौक, खोपोली. कुठे फार्महाऊससाठी घेतलेला प्लॉट, कुठे भाजीपाल्याचा तुकडा, कुठे डोंगराच्या कडेची वाडी. गाडी येण्याआधी बऱ्याच ठिकाणी एक माणूस येऊन गेलेला असतो: पाणाडी. कुणाच्या हातात उंबराची किंवा पेरूची बेचकी, कुणाच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ, कुणाकडे काटकोनात वाकवलेल्या तांब्याच्या दोन सळया, तर कुणाकडे दोऱ्याला बांधलेला लोलक. तो रान पायाखाली घालतो. एका जागी बेचकी झुकते, नारळ उभा राहतो, सळया एकमेकींवर येतात. तिथे दगड ठेवून तो 'पॉइंट' देतो आणि सांगतो, "इथं मारा. दीडशे फुटांवर दोन इंची पाणी."

ही शक्ती सगळ्यांकडे नसते, असं जुनी माणसं सांगतात. पायाळू जन्मलेल्याला जमिनीखालचं पाणी आणि धन कळतं, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. आता मात्र पायाळू असण्याची अट राहिलेली नाही. सळया विकत मिळतात, त्या कशा धरायच्या हे मोबाइलवर पाहता येतं आणि रविवारी शेतघरावर आलेला माणूसही हौसेने प्रयोग करतो. सळया त्याच्याही हातात फिरतात. तो चकित होतो आणि आपल्यालाही 'येतं' असं त्याला वाटू लागतं.

हा लेख अशा नवशिक्यासाठी आहे. मनातलं ओळखणं, पुढचं दिसणं, बंद पाकिटातलं वाचणं अशा अतींद्रिय दाव्यांच्या रांगेत पाणाड्याचा दावा तपासायला सर्वांत सोपा आहे, कारण पाणी एकतर असतं किंवा नसतं. तरीही तो क्वचितच तपासला जातो. तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते पाहू.

सळया खरंच फिरतात

आधी एक गोष्ट मान्य करू. सळया फिरतात, आणि बहुतेक वेळा धरणारा त्या मुद्दाम फिरवत नसतो. काटकोनी सळई मुठीत सैल धरली की तिचा लांब हात अगदी नाजूक तोलावर असतो. मनगट केसभर कललं तरी ती वळते. बेचकीची दोन टोकं मुठीत धरून बाहेरच्या बाजूला ताणली की फांदीत ताण साठतो आणि मूठ जराशी वळताच ती झटक्याने खाली किंवा वर जाते. तळहातावरच्या नारळाचंही तसंच.

ही हालचाल हाताचीच असते, पण हात हलवणाऱ्याला ती जाणवत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल याने लोलकावर याचा छडा लावला. पाऱ्यावर धरलेला लोलक त्याच्या हातात झुलत असे. डोळ्यांवर पट्टी बांधली आणि लोलकाखाली काय आहे हे त्याला कळेनासं झालं, तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला. १८३३ मध्ये आंपेर या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने हे मांडलं. १८५२ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम कार्पेंटर याने अशा हालचालींना शास्त्रीय नाव दिलं: मनातल्या कल्पनेने, इच्छेविना होणारी स्नायूंची हालचाल. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेने प्लँचेटसारख्या बैठकांतलं 'आपोआप सरकणारं' टेबल तपासलं. टेबल हलायच्या आधी बसणाऱ्यांचे हात ते ढकलत होते, हे त्याने दाखवून दिलं. बसणारे प्रामाणिक होते, फक्त आपण ढकलतोय हे त्यांना कळत नव्हतं.

म्हणून पाणाड्याला ढोंगी म्हणण्याचं कारण नाही. पण सळई फिरली एवढ्याने पाणी कळलं असंही होत नाही. उंबराचं झाड, मे महिन्यातही हिरवा राहिलेला पट्टा, शेजारची भरलेली विहीर, उताराचा खोलगट भाग हे डोळ्यांनी टिपलेलं असतं आणि तेच मनगटातून बाहेर येऊ शकतं. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा: डोळ्यांना जे दिसत नाही, ते हाताला कळतं का?

पाणी लागतं, ते कशाने?

पाणाड्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे लागलेलं पाणी. "आमच्या गावात त्याने दिलेले सगळे पॉइंट लागले," असं लोक मनापासून सांगतात. यातला बराच भाग कर्जत-खालापूरच्या जमिनीने आधीच लिहून ठेवलेला आहे.

इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. अखंड कातळात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते साठतं वरच्या मुरमात, कातळाच्या चिरांत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात आणि वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र राहिलेल्या थरांत. जमिनीखाली नदी वाहते किंवा पाण्याच्या शिरा आहेत असं जे चित्र रंगवलं जातं, तसं इथे नसतं. भिजलेल्या मुरमाचे आणि फुटलेल्या कातळाचे पट्टे असतात, आणि भातखाचरांच्या सखल भागात ते बऱ्यापैकी पसरलेले असतात. तिथे काठी न फिरवता बोअर मारली तरी थोडंफार पाणी लागण्याची शक्यता चांगली असते.

त्यात या दोन तालुक्यांची एक खासियत आहे. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून खाली येतं. खोपोलीचं केंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचं १९२२ पासून चालू आहे. वीज तयार करून सोडलेलं पाणी पाताळगंगेला आणि पेज नदीला मिळतं, म्हणून त्या भर उन्हाळ्यातही वाहतात. त्यांच्या काठच्या शेतात पॉइंट देणाऱ्या पाणाड्याला निसर्गाबरोबर टाटांचीही मदत असते.

उलट चित्र डोंगरउतारावर. ठाकूर-कातकरी वाड्यांत पाऊस तितकाच पडतो, पण पाणी वाहून जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन बायका लांबची विहीर गाठतात. तिथल्या कातळात पाणी देणारी चीर अरुंद असते. एक बोअर लागते आणि पन्नास फुटांवरची दुसरी कोरडी जाते. जागा महत्त्वाची असते, पण ती वरून दिसत नाही. अशा अनिश्चिततेत माणूस पाणाड्याकडे वळतो, हे समजण्यासारखं आहे.

म्हणून 'किती पॉइंट लागले' एवढ्या आकड्याला अर्थ नाही. त्याच रानात, पाणाड्याला न विचारता मारलेल्या बोअर किती लागल्या, हा जोडीचा आकडा हवा, आणि तो कुणी ठेवलेला नसतो. शिवाय न लागलेल्या पॉइंटला लगेच कारण मिळतं. गाडीवाल्याने दोन फूट बाजूला मारली. अजून वीस फूट जायला हवं होतं. केसिंग कमी पडली. लागलेली बोअर पाणाड्याच्या खात्यात आणि कोरडी गेलेली गाडीवाल्याच्या खात्यात, असा हिशेब असला की कुणीही नापास होत नाही.

झालेल्या परीक्षा

नीट परीक्षा घेतली तर काय होतं, याची उत्तरं उपलब्ध आहेत. जर्मनीतल्या कासेल इथे १९९० मध्ये सुमारे ३० पाणाड्यांची तीन दिवस परीक्षा झाली. सपाट मैदानात ५० सेंटिमीटर खोल प्लास्टिकचे पाइप पुरले होते आणि पाइप कुठून जातो हे वर रंगीत पट्टीने दाखवलं होतं. सांगायचं एवढंच की आत्ता यातून पाणी वाहतंय की नाही. ही परीक्षा आपल्याला मान्य आहे आणि शंभर टक्के यशाची अपेक्षा आहे, असं पाणाड्यांनी आधी लिहून दिलं होतं. निकाल निव्वळ अंदाजाने येईल तसाच आला. जादूगार जेम्स रँडी यांनी ठेवलेलं १० हजार डॉलरचं बक्षीस कुणालाही मिळालं नाही.

त्याआधी १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ अधिक मोठा प्रयोग झाला होता. सुमारे ५०० पाणाड्यांतून ४३ निवडले. एका दुमजली कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप दर वेळी नव्या जागी सरकवला जाई आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने ती जागा सांगायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. ४३ पैकी किमान ३७ जणांत कसलीच क्षमता दिसली नाही. उरलेल्या थोड्यांना काहीतरी जमतं, असा प्रयोग करणाऱ्यांचा दावा होता. १९९९ मध्ये जेम्स एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा मांडली. दहा मीटरच्या रेषेवर दर वेळी मधोमध बोट ठेवणाऱ्यापेक्षा सर्वोत्तम पाणाडी सरासरी फक्त ४ मिलिमीटरने पाइपच्या जवळ पोहोचला होता. चार मिलिमीटरच्या जोरावर बोअर मारता येत नाही.

परीक्षा कशी आखावी याचा उत्तम नमुना मात्र आपल्याकडेच आहे, फलज्योतिषाचा. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना आवाहन केलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांमधून २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या होत्या. १०० हुशार मुलं, १०० मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या पाठवायच्या आणि कुठली कुंडली कुठल्या गटातली एवढंच त्याने सांगायचं. ५१ जण पुढे आले आणि २७ जणांनी उत्तरं पाठवली. कौशल्य मानण्यासाठी ४० पैकी २८ बरोबर हवे, हे गणित संख्याशास्त्राने घालून दिलेलं होतं. सर्वाधिक गुण २४ आले आणि सरासरी २० च्याही खाली राहिली. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या; त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली, म्हणजे छापा-काट्याइतकी. निकाल २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

या परीक्षेची ताकद तिच्या निकालापेक्षा तिच्या नियमांत आहे. कुंडल्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक होते. उत्तरांची किल्ली कुंट्यांकडे होती. 'नापास' म्हणजे काय, हे उत्तरं हाती येण्याआधी ठरलेलं होतं.

स्वतःची परीक्षा

हीच शिस्त शेतघराच्या अंगणात पाळता येते. पाच एकसारख्या बादल्या उपड्या घाला. एकीखाली पाण्याने भरलेला, घट्ट झाकणाचा कॅन आणि बाकी चौघींखाली तेवढ्याच वजनाचे वाळूचे कॅन ठेवा. पाणी कुठल्या बादलीखाली जाईल ते फाशाने ठरवा. सहा पडले तर पुन्हा टाका. मनाने जागा निवडू नका, कारण माणूस मनाने निवडतो तेव्हा त्यात ठरावीक सवयी असतात आणि समोरच्याला त्या ओळखता येतात.

कॅन ठेवणाऱ्याने जागा कागदावर लिहायची, कागद पाकिटात बंद करायचा आणि परीक्षार्थी येण्याआधी निघून जायचं. हा नियम अनेकांना उगाचचा वाटतो, पण सगळ्यात जास्त परीक्षा इथेच बिघडतात. पाणी कुठे आहे हे माहीत असलेला माणूस जवळ असला की त्याची नजर, श्वास, पावलं बोलतात. उत्तर नोंदवणाऱ्यालाही जागा माहीत नसावी. जमिनीवरचे ओले डाग, कॅन ओढल्याच्या खुणा आणि ताजे पायठसे दर फेरीला पुसून टाका.

आधी एक उघडी फेरी घ्या. पाणी कुठे आहे हे परीक्षार्थीला दाखवून सळया फिरवायला सांगा. त्या फिरल्या की त्याच्याकडून लिहून घ्या: आज जागा, वेळ, हवा, सळया सगळं ठीक आहे. नंतर 'आज अमावास्या होती' असं म्हणायची वाट त्याने स्वतःच बंद केलेली असते.

मग २० बंद फेऱ्या. नुसत्या अंदाजाने सरासरी ४ बरोबर येतील. ५ किंवा ६ आले तर हुरळून जाऊ नका, तसं सहज होतं. ९ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता नशिबाने शंभरात साधारण १ असते. तेव्हा ९ ही उत्तीर्ण होण्याची रेषा आधीच लिहून ठेवा. वीस म्हणजे वीस. बाराव्या फेरीला गुण चांगले आहेत म्हणून थांबायचं नाही आणि विसाव्याला कमी पडले म्हणून आणखी दहा घ्यायच्या नाहीत. कुठे थांबायचं हे गुण पाहून ठरलं की नशीबही शक्ती वाटू लागतं.

गावातल्या १०० जणांनी ही परीक्षा दिली तर एखादा निव्वळ नशिबाने ९ गाठेल. गाव त्यालाच पाणाडी ठरवेल आणि बाकी ९९ विसरले जातील. त्यावर उपाय एकच: उत्तीर्ण झालेल्याची नव्याने परीक्षा घ्या. दोन्ही वेळा नशिबानेच उत्तीर्ण होण्याची शक्यता १० हजारांत १ इतकी खाली येते.

"मला साठवलेलं पाणी कळत नाही, वाहतं कळतं," अशी तक्रार येईल, आणि ती रास्त आहे. मग शेतातला ठिबकचा मोठा पाइप घ्या, वर माती टाका. पाणी टाकीतून उताराने सोडा, कारण पंपाचा आवाज सगळं सांगून टाकतो. झडप भिंतीपलीकडे असू द्या, तिथल्या माणसाने नाणं उडवून पाणी चालू किंवा बंद करायचं. दोनच पर्याय असल्याने २० फेऱ्यांत अंदाजाने १० येतील. १६ किंवा जास्त येण्याची शक्यता १ हजारांत सुमारे ६.

मनातलं ओळखण्याच्या दाव्यालाही हेच नियम लागतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. राइन यांनी १९३० च्या दशकात पाच चिन्हांच्या २५ पत्त्यांवर अशा चाचण्या घेतल्या. अंदाजाने २५ पैकी ५ यायला हवे होते, काहींना खूप जास्त आले आणि जगभर गाजावाजा झाला. पुढे लक्षात आलं की सुरुवातीच्या काही पत्त्यांवरची चिन्हं पाठीमागून ओळखू येत होती. अतींद्रिय शक्ती शोधताना आधी आपली नेहमीची इंद्रियं बंद करावी लागतात, आणि ते वाटतं त्यापेक्षा कठीण असतं.

बोअर न मारता पाणाड्याची परीक्षा

खऱ्या पाणाड्यालाही पैसे न घालवता तपासता येतं. त्याला रान फिरू द्या, पण पॉइंटवर दगड ठेवू नका. मोबाइलवर जागेची नोंद करा आणि खूण पुसा. काही दिवसांनी त्यालाच दुसऱ्या टोकाने, डोळ्यांवर पट्टी बांधून, हाताला धरून फिरवा. हात धरणाऱ्यालाही आधीची जागा माहीत नको. पाणी हललेलं नाही, तेव्हा पॉइंटही जवळपास तिथेच यायला हवा. दोन पाणाडी बोलवत असाल तर दोघांना एकमेकांचा पॉइंट कळू देऊ नका. एकाच रानात दोघांचे पॉइंट वेगवेगळ्या कोपऱ्यांत पडले तर निदान एकाला तरी तुमच्या रानातलं सर्वांत चांगलं पाणी सापडलेलं नाही, हे बोअरची गाडी येण्याआधीच कळतं.

मग जागा कशी निवडायची? निरीक्षणाची परंपरा आपल्याकडे आहेच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त भूजलाच्या खुणा सांगणारा 'दकार्गल' हा स्वतंत्र अध्याय आहे. कुठली झाडं, कुठली वारुळं, कुठली माती दिसली तर पाणी कुठल्या दिशेला किती खोल, असं त्यात येतं. त्यातल्या सगळ्याच खुणा खऱ्या ठरतील असं नाही, पण त्या दिसतात, म्हणून तपासता येतात. चांगल्या पाणाड्याचं खरं भांडवल बहुधा अशाच निरीक्षणाचं असतं आणि श्रेय मात्र सळयांना मिळतं. त्याने सळया घरी ठेवून रान दाखवलं तरी त्याचा सल्ला तेवढाच उपयोगी राहील.

आसपासच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी, शेजारच्या बोअर किती खोलीवर लागल्या आणि कुठे कोरड्या गेल्या, उताराची दिशा, उघडा पडलेला कातळ, हे सगळं आधी पाहावं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हेच काम करते. भूवैज्ञानिक जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा विद्युतरोध मोजतो, त्यावरून कोरडा कातळ आणि पाणी धरणारा थर यांचा अंदाज बांधतो. त्याचाही अंदाज कधी चुकतो, पण त्याची मोजणी कागदावर राहते आणि चूक दुरुस्त करता येते.

कोरडी बोअर फार्महाऊसवाल्याचे पैसे बुडवते. वाडीत बोअर कोरडी गेली तर आणखी एक उन्हाळा टँकरची वाट पाहणं नशिबी येतं. म्हणून ग्रामपंचायतीने एक वही घालावी. प्रत्येक बोअरची जागा, तारीख, पॉइंट कुणी दिला आणि कशाने दिला, सांगितलेली खोली, लागलेली खोली, पाणी किती आणि मे महिन्यात ते टिकलं का, एवढं लिहावं. कोरड्या गेलेल्याही लिहाव्यात, आणि सांगितलेली खोली गाडी लावायच्या आधी लिहावी. चार-पाच उन्हाळ्यांत ती वही पाणाडी, भूवैज्ञानिक आणि नुसत्या अंदाजाने मारलेली बोअर यांचे गुण शेजारी शेजारी मांडेल. ज्याला आपल्या शक्तीची खात्री आहे, त्याने त्या वहीत आपलं नाव सर्वांत आधी लिहून घ्यावं.